नीलाची गाडी डावीकडे ओढते

१

ऑगस्ट २०२१. सिडनीतला लॉकडाउन कितव्या आठवड्यात होता हे मोजणं मी सोडून दिलं होतं. आमचं गॅरेज वेंटवर्थव्हिलच्या एका मागच्या गल्लीत आहे. दोन गाड्या मावतील एवढी शेड आणि समोर अरुंद बोळ. गाड्या दुरुस्त करायला परवानगी होती, पण गिऱ्हाइकाला आत घ्यायचं नाही असा नियम. किल्ली शटरवरच्या डब्यात टाकायची, तक्रार मेसेजवर लिहायची, काम झालं की मी गाडी बाहेर काढून ठेवणार. खरं सांगतो, मला ही पद्धत फार आवडली होती. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून ‘यूट्यूबवर तर वेगळंच दाखवलंय’ असं म्हणत नव्हतं, यातच मी खूश होतो.

फक्त पद्माकर नव्हता. तो माझा भागीदार. मी सांगलीहून बी.ई. करून इथे आलो आणि पी.आर., म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळावी म्हणून मेकॅनिकचा कोर्स केला, तेव्हापासून आम्ही दोघं एकाच बाकावर. तो मार्चमध्ये वडील गेले म्हणून इचलकरंजीला गेला आणि मग भारतातून येणारी विमानंच बंद झाली. त्यामुळे पाच महिने मी शेडमध्ये एकटाच बडबडत काम करत होतो.

त्या गुरुवारी नीलाचा मेसेज आला. नीला वेस्टमीडच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. विद्यार्थी असताना हॅरिस पार्कच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही सहाजण राहायचो, त्यातली ती एक. गेल्या वर्षी अख्ख्या सिडनीला कॅम्पिंगचं खूळ लागलं होतं, तेव्हा तिने एका लिलावातून जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह उचलली होती. मेसेज असा होता: ‘गाडी डावीकडे जाते. सरळ करायला गेलं की स्टिअरिंग जड होतं. दोन ठिकाणी दाखवली, दोघंही म्हणाले काही नाही. रविवारी सकाळी मला निघायचंय. प्लीज.’

ती कुठे निघणार होती ते मला माहीत होतं. पश्चिमेकडे, पाच तासांवरच्या एका गावात साथ पोचली होती. तिथल्या दोन डॉक्टरांपैकी एक स्वतःच आजारी पडला होता. नीला तिथे तीन महिने राहणार होती आणि एकटी गाडी चालवत जाणार होती. मध्ये ब्लू माउंटन्सचा घाट आहे. इथेही गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि तो घाट उतरताना दरीही डावीकडेच असते.

२

गाडी डावीकडे जाते म्हटल्यावर मी आधी हसलो होतो. इथले रस्ते पाणी निघून जावं म्हणून कडेला उतरते केलेले असतात, त्यामुळे कुठलीही गाडी थोडी डावीकडे जातेच. मग टायरमधली हवा बघितली, बरोबर होती. टायर सारखे झिजलेले. ब्रेक कुठे धरत नव्हता. पुढचा भाग जॅकवर उचलून चाकं हातांनी हलवून पाहिली, बेअरिंग चांगले होते. दोन्ही गॅरेजवाल्यांनी काम नीट केलं होतं हे नाइलाजाने मान्य करावं लागलं.

उरली ती एकच तपासणी. गाडी चाकांवर उभी ठेवायची, इंजिन चालू ठेवायचं. एकाने आत बसून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका जॉइंटला बोटं लावायची. ढिला जॉइंट डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना टक् असं लागतं. हे काम एकट्याचं नव्हे. आमच्यात आत बसायचं काम पद्याचं, खाली झोपायचं माझं. ‘हं, हलव’ म्हटलं की तो हलवणार, ‘बस्स’ म्हटलं की थांबणार. पंधरा वर्षं हेच चाललंय.

मी इंजिन चालू केलं, चाकांच्या फळीवर झोपून गाडीखाली सरकलो, डाव्या चाकाच्या जॉइंटला बोटं लावली आणि म्हणालो, “हं, हलव.”

जॉइंट हलायला लागला. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, अगदी हवा तसा. बोटांना टक् लागलं नाही. मी दुसऱ्या टोकाला गेलो, मग मधल्या दांड्याला, मग स्टिअरिंग बॉक्सपाशी. “थोडं जास्त,” मी म्हणालो. थोडं जास्त हलायला लागलं. सगळं घट्ट होतं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. “बस्स.”

हलणं थांबलं. मी फळीवरून बाहेर आलो, हात पुसले आणि म्हणालो, “पद्या, एकही ढिला नाही रे.”

आणि मग मला आठवलं की पद्या इचलकरंजीत आहे.

३

मी काही घाबरून पळालो नाही. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, निदान कागदावर तरी. पॉवर स्टिअरिंगमधला व्हॉल्व्ह बिघडला तर इंजिन चालू असताना चाक आपोआप फिरू शकतं, हे मी पुस्तकात वाचलंय आणि एकदा प्रत्यक्ष पाहिलंयही. पण ते एका बाजूला फिरतं आणि तिथेच अडकतं. ते मला हवं तेव्हा थांबत नाही.

मी इंजिन बंद केलं. आता व्हॉल्व्हचा प्रश्नच नव्हता. पुन्हा खाली गेलो. माझंच मला हसू येत होतं, पण म्हणालो, “हलव.”

या वेळी ते सावकाश हलायला लागलं. इंजिन बंद असताना एवढ्या गाडीचं स्टिअरिंग उभ्या उभ्या हलवायचं म्हणजे ताकद लागते. आत सीट करकरत होती. आतला माणूस जोर लावताना जशी करकरेल तशीच. मी “बस्स” म्हणालो आणि करकर थांबली.

मी बाहेर येऊन काचेतून पाहिलं. आत कोणी नव्हतं. मागच्या सीटवर नीलाचा एक जुना स्कार्फ पडला होता, बस. मी स्वतः आत बसलो, हात मांडीवर ठेवले आणि मोठ्याने म्हणालो, “हलव.” काही झालं नाही. दहा वेळा म्हणून पाहिलं. मग पुन्हा खाली झोपलो, पुन्हा म्हणालो, आणि लगेच हललं.

म्हणजे मी खाली असलो, मला आतलं दिसत नसलं, की मगच. मला भीती वाटली हे खरं आहे, पण त्याहून जास्त वाटलं ते कुतूहल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखादी गाडी माझ्याशी असं वागत होती. मी गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी, हळू आवाजात, इंग्रजीत, नुसतं ‘हं’ म्हणून, सगळं करून पाहिलं. ‘हं’ सुद्धा चालत होतं. घरून मितालीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, जेवायला ये म्हणून दोनदा फोन आला आणि मी दोन्ही वेळा पाच मिनिटं म्हणालो.

४

शुक्रवारी दुपारी मी पद्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ झाले होते, तो चहा पीत होता. मी त्याला एवढंच सांगितलं, “स्टिअरिंग आपोआप हलतंय का, ते तू वरून बघ. मी खाली असतो.” फोन डॅशबोर्डच्या क्लिपला लावला, पुढच्या दोन्ही सीटा दिसतील असा, आणि स्पीकर मोठा केला. गाडीखाली जाऊन जॉइंटवर हात ठेवला.

“दिसतंय का नीट?”

“दिसतंय. उजेड जरा कमी आहे.”

“हं, हलव,” मी म्हणालो.

हलायला लागलं. 

“पद्या? हलतंय का?”

“अरे हलतंय की. पण हा कोण रे? नवीन माणूस ठेवलास आणि मला सांगितलंही नाहीस?”

माझा हात जॉइंटवर होता आणि जॉइंट हलत होता. 

“बरं केलंस म्हणा,” पद्या म्हणाला. “एकट्याने किती दिवस करणार. मास्क लावून बसलाय, शहाणा दिसतोय. पण शैल्या, त्याला शिकव जरा. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं सोडून बाजूच्या सीटवरून हात लांब करून हलवतोय. असं केल्यावर तुला खाली काय कळणार?”

बाजूची सीट म्हणजे डावीकडची. “बस्स,” मी म्हणालो.

“हां, थांबला. ऐकतो तरी.”

“आता काय करतोय?”

“काही नाही. बसलाय.” पद्याने चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. “हात मात्र काढला नाही स्टिअरिंगवरून.”

मी त्या फळीवर किती वेळ पडून राहिलो ते सांगता येणार नाही. मला हलायचंच नव्हतं. शेवटी पद्या म्हणाला की त्याला बँकेत जायचंय, आणि त्याने फोन ठेवला. मग मी गाडीच्या उजव्या बाजूने बाहेर आलो, दाराकडे न बघता. लांबूनच काचेतून आत नजर टाकली. दोन्ही सीटा रिकाम्या होत्या आणि डॅशबोर्डवर माझा फोन काळा होऊन पडला होता.

नीला म्हणाली होती की गाडी डावीकडे जाते आणि सरळ करायला गेलं की जड होतं. गाडी बिघडलेलीच नव्हती. तिच्या शेजारी बसून दुसरं कोणीतरी स्टिअरिंग धरत होतं.

५

‘कारण सापडलं नाही’ असं म्हणून मी आजवर एकही गाडी परत दिलेली नाही. आणि हे कारण तर मी कोणालाच सांगू शकत नव्हतो. मितालीला सांगितलं असतं तर तिने मला आधी टेस्ट करायला नेलं असतं. पण ती गाडी घेऊन नीला घाट उतरणार हे मी होऊ देणार नव्हतो, एवढं ठरलं. मी तिला फोन करून बेधडक खोटं बोललो.

“स्टिअरिंगचा एक जॉइंट जाम झालाय. पार्ट मंगळवारी येईल.”

“शैलू, मंगळवार? मला रविवारी निघायचंच आहे रे. तिथे एकच डॉक्टर आहे, तीन रात्री झोपली नाहीये ती.”

“माझी घेऊन जा. छोटी आहे, पण सरळ चालते. मला इथून कुठे जायचंय? पाच किलोमीटरच्या पलीकडे तर सोडतच नाहीत.”

 ती म्हणाली, “तू ना, खरंच...” आणि दोनदा थँक्यू म्हणाली. मला स्वतःची लाज वाटली, कारण तिला वाटत होतं मी उपकार करतोय.

रविवारी सात वाजता ती टॅक्सीने आली. आम्ही दोघं मास्क लावून चार हातांवर उभे राहिलो. तिने डब्यातून माझ्या गाडीची किल्ली घेतली, सामान डिकीत टाकलं. मितालीने दिलेला मेथीच्या ठेपल्यांचा डबा मी लांबूनच बॉनेटवर ठेवला. तिची गाडी मागे शेडमध्ये उभी होती, मी शटर अर्धं वर ठेवलं होतं. बोळ अरुंद आहे, नवख्या माणसाला गाडी मागे घेता येत नाही. म्हणून मी शटरपाशी उभा राहून, नेहमी सगळ्यांना सांगतो तसं सांगू लागलो.

“हं, फिरव. फिरव अजून. हं. हलव, हलव... बस्स.”

माझ्या मागे शेडमध्ये दाराची कडी वाजली. वळून पाहिलं तर नीलाच्या फोर-व्हील-ड्राइव्हचं डावं दार नीट लागलेलं नव्हतं, बोटभर फट होती. जुनी गाडी आहे, कडी सैल झाली असेल असं म्हणून मी ते ढकलून लावलं. बोळाच्या तोंडाशी नीलाने हात हलवला आणि ती गेली.

मग मी फोर-व्हील-ड्राइव्ह बाहेर काढली आणि हिंमत करून गल्लीतून दोन चकरा मारल्या. स्टिअरिंग हलकं होतं. मोकळ्या रस्त्यावर मी हात सैल सोडून पाहिले. गाडी सुतासारखी सरळ गेली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. गाडी बरी झाली होती. नेमकं काय केल्याने ती बरी झाली याचा विचार मी नंतर करणार होतो.

६

साडेनऊच्या सुमारास नीलाचा फोन आला. तिने तो स्टँडला लावून स्पीकरवर टाकला होता. गाडीचा घरघराट ऐकू येत होता.

“शैलू, घाटात आहे. चढ संपला, आता उतार. तुझी गाडी कसली मस्त आहे रे!”

“हो ना?”

“मला वाटलं होतं, खांदे भरून येतील. पण वळण आलं की जरा आपसूकच वळते. ते लेन असिस्ट का काय म्हणतात, ते आहे का हिला?”

माझी गाडी २००८ची आहे. तिला साधा मागचा कॅमेरासुद्धा नाही.

“कुठल्या बाजूला वळते?” मी विचारलं.

“डावीकडे जास्त. उजवीकडे वळताना थोडं जड जातं. पण ठीक आहे, सवय होईल.”

 मी शेडमध्ये उभा होतो, तिथल्या फळीवर बसलो. नीलाची गाडी कशी बरी झाली ते मला कळलं होतं. दोन-अडीच तासांपूर्वी मी बोळात उभा राहून ‘हलव’ म्हणालो होतो, आणि ते नीलाने ऐकलं होतं तसं दुसऱ्यानेही ऐकलं होतं. मीच त्याला एका गाडीतून दुसरीत पाठवलं होतं. तिला खरं सांगितलं असतं तर तिने दचकून बाजूच्या सीटकडे पाहिलं असतं, आणि उतारावर तेवढंच पुरलं असतं.

“नीला, वेग कमी कर. दुसऱ्या गिअरमध्ये टाक.”

“टाकलाय. काय झालं?”

“काही नाही. स्पीकर मोठा आहे ना?”

“आहे. का?”

मी फोन तोंडाजवळ धरला. “बस्स,” मी म्हणालो. “सोड.”

“काय सोडू?”

“तू नाही. तू घट्ट धर.” मी फोन आणखी जवळ घेतला. “सोड म्हटलं ना. हात काढ.”

काही क्षण नुसता टायरांचा आवाज. मग नीला म्हणाली, “अय्या! आता एकदम नॉर्मल झालं. कोणाशी बोलतोयस तू? आणि हे बघ, दाराचा लाल दिवा लागला. डावं दार अर्धवट उघडं आहे वाटतं. थांब, पुढे कडेला जागा आहे, लावून येते.”

“नीला, उतरू नकोस,” असं मी म्हणेपर्यंत हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला होता.

मी ऐकत राहिलो. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. गाड्यांचे आवाज ऐकण्यातच माझं आयुष्य गेलंय. तिचं दार उघडलं, लागलं. खडीवर पावलं वाजली. एक मोठा ट्रक वरून खाली गेला. डावं दार लागलं, नीट, एका झटक्यात. पावलं परत आली. तिचं दार उघडलं, लागलं. बेल्टची क्लिक झाली.

आणि त्यानंतर आणखी एक दार लागलं.

त्या गाडीचं डावीकडचं मागचं दार मी भंगारातून आणून बसवलंय. ते एकदा ओढून लागत नाही, दुसऱ्यांदा जोराने ओढावं लागतं आणि त्याचा आवाज बाकीच्या तिन्ही दारांपेक्षा बद्द येतो. ते दोनदा ओढलं गेलं.

“नीला, आत्ता कसला आवाज झाला?”

“कुठे काय? ट्रक गेला एक.” तिने गाडी सुरू केली. मग ती खुशीत हसली. “काय जादू केलीस रे फोनवरून? आता बघ, अगदी सरळ चाललीय.”

तिला अजून तीन तास गाडी चालवायची होती आणि वाटेत थांबायला एकही दुकान उघडं नव्हतं.

“छान,” मी म्हणालो. “फोन चालू ठेव.”